पणजोबांच्या मागं कोण होतं? सोलापूरकरांनी वंशावळ शोधायला सुरुवात कुठून करायची

आधी ॲप डाउनलोड करू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ जाऊन बसा, सांगून फोनचा रेकॉर्डर चालू करा, आणि "तुमचा जन्म कधीचा" असं विचारू नका कारण त्याचं उत्तर "काय की बाबा" असंच येतं. त्यापेक्षा रझाकाराच्या वेळी तुम्ही शाळेत जात होता का, बहात्तरच्या दुष्काळात कोणतं पोरगं कडेवर होतं, उजनीच्या पाण्यात जमीन गेली तेव्हा आज्जा होता का, असं विचारा. 1930 च्या मार्शल लॉच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या आईबापाकडून ऐकलेल्या असतात, त्यातून अजून एक पिढी मागं जाता येतं. गावाचं नाव, भावकीतली नावं, कुलदैवत, आणि घरातल्या प्रत्येक बाईचं माहेर, एवढं तरी लिहून घ्याच.

मग शाळा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यातली नोंद निर्गम उतारा म्हणून अर्ज करून मिळते, त्यात जात, जन्मगाव, बापाचं किंवा पालकाचं नाव सापडतं. जन्मतारखेवर मात्र भाळू नका. 1 जून दिसला की समजायचं की गुरुजींनी अंदाजानं टाकलाय, अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. खरी तारीख हवी तर गावचा जन्म-मृत्यूचा नमुना 14 बघा, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, जुने ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. शहरात महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग.

आता मेन माल म्हणजे फेरफार, जमिनीच्या मालकीत बदल झाला की होते ती नोंद. सातबारा महाभूलेखवर फुकट बघता येतो, सहीचा हवा तर 15 रुपये, पण त्यात फक्त आजचे मालक दिसतात. खरी कथा सातबाऱ्यावर गोल करून लिहिलेल्या फेरफार नंबरांत असते. एकेका नंबराचा उतारा काढत मागं जायचं, तलाठ्याकडं नसला तर तहसीलला नक्कल मागायची, आणि ऑनलाइन स्कॅन "आपले अभिलेख" पोर्टलवर आपलं गाव आहे का तेही बघायचं. वारसाच्या फेरफारात "अमुक मयत, वारस अमुक" असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका कागदात दोन पिढ्या आणि मृत्यूचा काळही मिळाला. नावापुढची बारीक अक्षरं सोडू नका. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे लहान पोराचा पालक, तेव्हा त्या वर्षी ते पोरगं सज्ञान नव्हतं, जन्मसालाचा अंदाज तिथंच लागला. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी मागं अजून भाऊ असू शकतात, त्यांना शोधा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, त्यामुळं जुना-नवा नंबर जुळत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा. कागदावरचं साल फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतलं असेल तर आपल्याकडं साधारण 590 मिळवायचे, 1340 फसली म्हणजे 1930-31. शालिवाहन शक असेल तर 78.

या सगळ्यात बायका गायब असतात हे लगेच लक्षात येईल. आजीचं नाव सासरच्या जमिनीत विधवा म्हणून आलं तर आलं, नाहीतर तिच्या माहेरच्या गावचे फेरफार आणि भावांना दिलेलं हक्कसोड पत्र शोधा, त्यात बहिणींची नावं आणि त्यांची सासरं सापडतात. आपल्या शहरात अजून एक कागद आहे, विडी कामगाराचं कार्ड. कित्येक घरांत आजीच्या स्वतःच्या नावाचा जुना कागद तेवढाच असतो, जपून ठेवा. तसंच जुनी मिल, विष्णू-लक्ष्मी, नरसिंग गिरजी, जाम मिल यांच्यातलं ओळखपत्र, पीएफची चिठ्ठी, काहीही फेकू नका, जमीन नसलेल्या घराला हाच सातबारा.

पूर्व भागातल्या पद्मशाली घरांनी सोलापुरात फार वेळ घालवू नये, मूळ गाव तेलंगणात, तर तिथली खासरा पहाणी 1954-55, म्हणजे जमिनीचं जुनं सरकारी रजिस्टर, शोधा, त्याआधीचं निजामी रेकॉर्ड उर्दूत. तुळजापूर-नळदुर्गकडच्या सोयऱ्यांचंही तेच, तो भाग 1948 पर्यंत निजामाकडं होता. अक्कलकोट तेव्हा वेगळं संस्थान होतं, म्हणून तिकडचे कागद बाकी जिल्ह्याच्या बरोबर असतील असं धरून चालू नका.

कागदाच्या पलीकडं दोन माणसं आहेत. एक हेळवी, आपल्याकडं लिंगायत आणि मराठा घरांत काही वर्षांनी येतात, चोपड्या काढून घराण्याची नावं घडाघडा वाचतात. आले की धान्य देऊन बोळवण करू नका, बसवा, चहा पाजा, विचारून प्रत्येक पानाचा फोटो घ्या, आणि त्यांच्या वहीत आपल्या मुलींचीही नावं घालायला सांगा. दुसरे पंढरपूरचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे यात्रेकरू घराण्यांच्या वह्या ठेवणारे तिथले उपाध्ये. वहीत आडनावाबरोबर गाव लागतं, तेव्हा "देशमुख" एवढंच सांगून काही होत नाही. नाशिक-त्र्यंबकला कुणी विधीला गेलेलं असेल तर तिथंही बघा.

जुने कागद बहुतेक मोडी लिपीत असतात. एआयला फोटो दिला तर ते बिनधास्त वाचून दाखवतं, पण नावं मनानं घालण्याची शक्यता खूप, सगळा धंदा नावांचाच असल्यामुळं मोडी वाचकाकडून खात्री करून घ्याच. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधात मोडीची बरीच रजिस्टरं धुंडाळली गेली, जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर त्यांचे स्कॅन टाकलेत, जात कुठलीही असो, आपलं गाव त्यात आहे का बघायला काय जातंय. डीएनए टेस्टवर मी तरी पैसे घालणार नाही, त्यात पणजोबांचं नाव येत नाही.

साठवायला साधी गूगल शीट पुरे, झाड काढायचंच असेल तर ग्रँप्स किंवा फॅमिलीसर्च, दोन्ही फुकट. शीटमध्ये प्रत्येक नावापुढं ते कुठल्या कागदातून आलं ते लिहा, आणि कुणाच्या नुसत्या सांगण्यावरून आलं असेल तर तसंच लिहा. दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर एक खोडू नका, दोन्ही ठेवा, कारण गुरुजींनी वय शाळेसाठी लिहिलं, तलाठ्यानं जमिनीसाठी, आणि कुणाचं खरं ते तिसरा कागद मिळाल्यावर कळतं. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शीट टाकताना मात्र जिवंत माणसांचे आधार नंबर आणि चालू सातबारे काढून टाका, नाहीतर वंशावळ राहील बाजूला आणि वाटणीचं भांडण सुरू होईल.