बाइकच्या टाकीवरचा स्टिकरचा गोंद काढताय? आधी या चुका टाळा

स्टिकर कसाही निघतो हो. लोकांची वाट लागते ती नंतर, जेव्हा खाली तो चिकट थर राहतो, त्यावर दोन दिवसांत धूळ बसून काळा पट्टा होतो आणि मग माणूस चिडून घरात जे सापडेल ते घेऊन घासायला बसतो. कितीदा सांगितलं तरी तेच. म्हणून आधी एक आकडा डोक्यात ठेवा, कंपनीच्या रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो तो साधारण ४०-५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक, आणि गाडीची सगळी चमक त्या एवढ्याशा थरात असते. तुम्ही घासताय ते त्याच्यावर.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे थिनर. किंवा त्याचा सभ्य भाऊ, नेलपॉलिश रिमूव्हर. "मी लावला, मला तर काही झालं नाही" असं सांगणारा एक जण सगळीकडे असतोच. त्याला खरंच काही झालं नसेल, कारण कंपनीत भट्टीत भाजलेला रंग बऱ्यापैकी दणकट असतो आणि पटकन एक हात फिरवला तर सहन करतो. पण गाडी मधे कधीतरी रिपेंट झाली असेल, आणि तो रंग नुसता हवेवर वाळवलेला असेल, तर थिनर गोंदाच्या आधी रंगच मऊ करतो. साइड पॅनल, फेअरिंग (पुढचं-बाजूचं कव्हर) वगैरे बऱ्याचदा एबीएस प्लास्टिकचं असतं, त्याला तर रिमूव्हरमधला अ‍ॅसिटोन थेट विरघळवतो.

ओळखीतल्या एका पोराचं सांगतो. वडिलांची जुनी गाडी, काळी टाकी, त्यावर वर्षानुवर्षं चिकटलेला स्टिकर. पोराने तो नखाने ओरबाडून काढला आणि उरलेल्या गोंदावर रिमूव्हर ओतून जुन्या बनियनच्या फडक्याने घासायला लागला. फडकं काळं व्हायला लागलं. त्याला वाटलं, वा, मळ निघतोय! अजून जोर लावला. मग फोन आला म्हणून फडकं तसंच ओलं टाकीवर ठेवून गेला. परत येऊन उचललं तर फडक्याची वीण, अगदी एकेक धागा मोजता येईल अशी, चिखलात पाऊल उमटावं तशी रंगात उमटलेली. टाकी रिपेंट केलेली आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आणि घाबरून त्याने काय केलं, तर ती पुसली. मऊ रंगावर! त्या पुसण्याने जे काही वाचलं असतं तेही गेलं, मला दाखवायला आणली तेव्हा मधे रंगाखालचा प्रायमर दिसत होता.

असं कुणाचं झालंच तर हात काढा. पुसू नका, बोट लावून बघू नका, पाणी ओतून चोळू नका. सावलीत दोन-तीन दिवस तशीच सोडा, सॉल्व्हंट, म्हणजे ते विरघळवणारं रसायन, उडून जातो आणि रंग परत कडक होतो. नुसती चमक गेली असेल तर बारीक पॉलिशने बरीचशी परत येते, खोल ठसा असेल तर ते पेंटरचं काम आहे, घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नका. आणि फडक्यावर गाडीचा रंग दिसायला लागला की तिथेच थांबायचं, एकतर क्लिअर कोट संपलाय किंवा रंगावर तो कधी नव्हताच.

पेट्रोलवालेही असतातच. "पंपावर टाकीवर सांडतंच की." सांडतं आणि आपण लगेच पुसतो, पंधरा मिनिटं चोळत बसत नाही. शिवाय ते इतकं पटकन उडतं की गोंद भिजायला वेळच मिळत नाही, आणि आगीचा धोका वेगळा.

आता माझा खरा राग. गोंद काढणं हे भिजवायचं काम आहे, घासायचं नाही, आणि ही गोष्ट नवीन पोरांच्या गळी उतरत नाही म्हणजे नाही. मी काय करतो ते सांगतो, शास्त्र वगैरे नाही, सवय आहे. गाडी सावलीत, इंजिन गार. आधी शाम्पूने धुवायची, कारण गोंदात अडकलेली माती तुम्ही फडक्याने फिरवलीत की गोल गोल बारीक ओरखडे आलेच, मग उन्हात टाकीकडे बघवत नाही. स्टिकर अजून असेल तर हेअर ड्रायरने गरम, हात ठेवता येईल इतपतच, मग कोपरा उचलून स्टिकर स्वतःवरच दुमडत सावकाश ओढायचा. सावकाश ओढला तर अर्धा गोंद त्याच्याबरोबरच येतो. फटकन ओढणाऱ्यांच्या हातात नुसता वरचा कागद येतो आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं.

उरलेल्यातला जो ताजा आहे तो अंगठ्याने चोळून गोळ्या करून निघतो. राहिलेल्यावर डब्ल्यूडी-४० (गंजलेले नट सोडवायचा तेलकट स्प्रे), निलगिरीचं तेल किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलावर बनलेला गोंद रिमूव्हर, जे असेल ते टिश्यूवर घेऊन तो टिश्यू गोंदावर ठेवायचा, वरून पातळ प्लास्टिक, आणि दहा मिनिटं तिकडे बघायचं नाही. चहा प्या, काहीही करा. बोटाने सरकवल्यावर गोंद जेलीसारखा घसरला म्हणजे झालं. मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने हलक्या हाताने एकाच दिशेला पुसायचं, आणि प्रत्येक वेळी फडक्याची नवीन घडी. "गोंद निघत नाहीये, नुसता पसरतोय" ही जी तक्रार येते ना, त्यात दर वेळी फडकं आधीच गोंदाने भरलेलं असतं. जुना, पिवळा पडून कडक झालेला गोंद एका भिजवण्यात जात नाही, तीन-चार वेळा करावं लागतं, करा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धं पाणी घालून एकदा पुसायचं म्हणजे तेलकटपणा जातो, परत शाम्पू, परत वॅक्स, कारण त्या जागेचं जुनं वॅक्स तुम्ही काढलेलं असतं.

घरात फक्त खोबरेल असेल तर तेही चालतं, वेळ जास्त लागतो एवढंच.

बाकीच्या चुका पटापट. ब्लेड काचेवर, रंगावर नाही, खरवडायचंच असेल तर जुनं प्लास्टिक कार्ड फडक्यात गुंडाळून. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर म्हणजे सरळ पॉलिश पेपरच समजा. हीट गन काहीशे डिग्रीला जाते आणि खाली पेट्रोलची टाकी आहे, पुढचं मी सांगायला हवं का? फोम टेपवर चिकटवलेला बॅज असेल तर मागून दात साफ करायचा फ्लॉस करवतीसारखा चालवा, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. गोंद खोडायला ड्रिलवर लावायचं रबर व्हील एका जागी धरलं की रंग तापून जातो. रंग ताजा, महिन्याभराच्या आतला असेल तर रसायन लावायचंच नाही. मॅट (बिनचमकीच्या) फिनिशवर कंपाउंड, म्हणजे रंग घासून चकाकवणारी पेस्ट, किंवा पॉलिश फिरवलंत तर तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही. हेडलाइट, मीटरची काच, वायझर हे बहुतेक पॉलिकार्बोनेट असतं, थिनर-पेट्रोलने त्यात बारीक तडे जातात.

स्टिकरची कड नखाला लागते का तेही आधी बघा. लागत नसेल तर तो कंपनीने क्लिअर कोटच्या खाली टाकलेला डिकल आहे, तो निघणार नाही, उगाच प्रयत्न करू नका.

चाकाच्या रिमवरची टेप काढताना स्प्रे थेट रिमवर मारणारे महाभाग बघितलेत मी. शेजारी ब्रेकची डिस्क असते! तेलाचा फवारा डिस्कवर, तिथून ब्रेक पॅडवर, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक लागत नाही. स्प्रे फडक्यावर मारा, डिस्क झाकून ठेवा, उडालंच तर गाडी हलवायच्या आधी ब्रेक क्लीनरने डिस्क साफ करा, पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदला.

आणि सगळं करूनही स्टिकरचा आकार दिसतोच आहे? ओलं बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागलं तर गोंद केव्हाच संपलाय, स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचला आणि आजूबाजूचा फिका पडला एवढंच आहे. तो फरक हलक्या पॉलिशने थोडा कमी होतो, पूर्ण जातोच असं नाही. तिथे परत रिमूव्हर लावून घासत बसू नका.