लेन्समध्ये धूळ दिसली? घाबरून या चुका करू नका

जेजुरीचा भंडारा किंवा लक्ष्मी रोडवरच्या मिरवणुकीतला गुलाल अंगावर घेऊन घरी आलात, सहज म्हणून कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारला आणि आत ठिपके चमकले, की पोटात गोळा येतो. पहिली चूक म्हणजे तो टॉर्च. तिरप्या झगझगीत उजेडात नव्याकोऱ्या लेन्समध्येही कण दिसतात. झूम लेन्सची नळी पुढे सरकताना हवा आत ओढते, हवेबरोबर धूळही येते. वेदर सीलिंगने, म्हणजे सांध्यांवरच्या रबरी पट्ट्यांनी, ती कमी होते, थांबत नाही.

पुढच्या भागातले असे कण फोकसच्या इतके बाहेर असतात की फोटोत उमटतच नाहीत. अपवाद आहेत. मागच्या काचेवरचा मोठा कण अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, लहान असताना पुसट डाग देऊ शकतो, रोषणाईच्या धूसर गोळ्यांत ठिपके दिसू शकतात आणि धूळ फारच साचली तर उजेडासमोर कॉन्ट्रास्ट उतरतो. दोन-चार कणांनी यातलं सहसा काही होत नाही.

मग आकाशात दिसणारे ते काळे डाग? ते बहुतेक वेळा सेन्सरवरचे, म्हणजे कॅमेऱ्यात जिथे चित्र पडतं त्या चिपवरचे. एफ १६ ला (म्हणजे अ‍ॅपर्चर बरंच लहान करून), फोकस सगळ्यात जवळ ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. लेन्स बदला, पुन्हा काढा. डाग त्याच जागी असतील तर लेन्स निर्दोष आहे. सेन्सरवर चित्र उलटं पडतं, म्हणून फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरच्या खालच्या बाजूला शोधा. बॅटरी पूर्ण चार्ज करून, लेन्स काढून कॅमेऱ्याचा क्लीनिंग मोड लावा (यात सेन्सर उघडा राहतो), कॅमेरा पालथा धरा आणि हातातल्या रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. कॉम्प्रेस्ड एअरचा डबाही नको, त्यातला द्रव काचेवर बसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर हातात घेणं. काचा ठरावीक अंतरावर आणि एका अक्षात बसवलेल्या असतात. एखादी किंचित सरकली की फोटोचा एक कोपरा कायमचा मऊ, म्हणजे अस्पष्ट होतो, शिवाय उघडताना नवी धूळ आत जाते ती वेगळीच. चार कणांपायी हा उद्योग कशाला?

गर्दीत लेन्स बदलू नका, एकच झूम लावून जा. परतल्यावर बाहेर आलेली नळी ब्लोअरने आणि ओलसर कापडाने साफ करा, मगच आत घ्या. ही साधी गोष्ट फार थोडे जण करतात.

काळजी करायचीच तर बुरशीची करा. पुण्याच्या पावसाळ्यात महिनोन् महिने कपाटात, त्यातही चामड्याच्या केसमध्ये पडून राहिलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले तंतू दिसले, तर ती धूळ नव्हे. बुरशी वाढते आणि काचेवरचं कोटिंग खाते. अशी लेन्स बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडे लवकर न्या. चांगल्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. तांदळाचा डबा मात्र नको, त्याची पूड उडते.

सेकंडहँड लेन्स घेताना टॉर्च जरूर वापरा, पण बुरशी, धुरकटपणा आणि ओरखडे शोधायला. धुळीचे कण दिसले तर भाव थोडा पाडून घ्या आणि लेन्स उचला.