रोहित आले, पण गूगलला पत्ताच नाही

गेल्या वर्षी जानेवारीत ऐरोलीच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे मोठाले थवे उतरले. त्याच रात्री माझ्या ब्लॉगवर लेख लिहिला, फोटो चढवले आणि झोपले. तीन आठवडे झाले तरी गूगलवर लेख दिसेना. थवे कुठे उतरलेत, भरती किती वाजता, हे लोक त्याच आठवड्यात शोधतात. शिळ्या बातमीला कोण विचारतं?

चूक माझीच निघाली. ठाण्याहून घरी येताना लोकलमध्ये सहज फीड उघडून पाहिलं, तर नुसता ‘एरर’चा संदेश. फीड म्हणजे साइट आपोआप बनवते ती ताज्या लेखांची यादी: शीर्षक, दुवा, तारीख, मजकूर. माझा ब्लॉग वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे; तिथे साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘feed’ टाइप केलं की ती दिसते. २०१३ मध्ये फीड वाचायचं गूगल रीडर बंद पडलं तसे बरेच वाचक फीड विसरले, पण सर्च कन्सोल, म्हणजे साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन, आजही आरएसएस आणि अ‍ॅटम या दोन्ही प्रकारांचं फीड साइटमॅप (गूगलसाठी साइटवरच्या पत्त्यांची यादी) म्हणून घेतं.

तर पहिलं काम, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या फीड तपासनीसात आपलं फीड टाकून बघा. फुकट आहे. मी थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या) फंक्शन्स फाइलमध्ये कुठूनतरी उचललेला कोड चिकटवला होता, तेव्हा पहिल्या ओळीच्या वर एक एंटर पडला. साइटच्या पानावर तो दिसत नाही, पण फीड एक्सएमएल नावाच्या भाषेत असतं आणि तिच्या सुरुवातीच्या घोषणेआधी रिकामी ओळ चालत नाही. साइटमॅपही त्याच ओळीनं मोडला होता. ओळ पुसली, चार दिवसांनी लेख दिसला. त्या एंटरनंच अडवलं होतं अशी शपथ मात्र मी घेणार नाही.

मग सर्च कन्सोलमध्ये ‘साइटमॅप्स’खाली साइटमॅपचा आणि फीडचा, दोन्ही पत्ते द्या. साइटमॅपमध्ये सगळे लेख असतात, फीडमध्ये फक्त ताजे. वर्डप्रेस मुळात १० देतं. नवीन लेख टाकला की गूगलला ‘पिंग’ करा, म्हणजे साइटमॅप बदलल्याचा इशारा पाठवा, असा जुना सल्ला अजून फिरतोय. ती सोय गूगलनं २०२३ मध्येच मोडीत काढली. आणि फीड दिलं म्हणून कोणी वरच्या क्रमांकावर जात नाही. नवं काय आलंय एवढंच गूगलला लवकर कळतं.

मराठीत लिहिणाऱ्यांची खरी गोची लेखाच्या पत्त्यात आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी पत्त्यात टक्क्याच्या खुणांसकट ९ चिन्हांची होते. नुसतं ‘ठाणे’ ३६ चिन्हं खातं. वर्डप्रेस लेखाच्या नावासाठी २०० चिन्हांची जागा ठेवतं. माझं शीर्षक होतं ‘ठाणे खाडीतले रोहित पक्षी कधी आणि कुठे पाहावेत’. पत्ता ‘पक्षी’पाशीच तुटला, ‘कधी’ आणि ‘कुठे’ गायब. गूगलच्या ब्लॉगरवर तर मराठी शीर्षकाला थेट ‘ब्लॉग-पोस्ट’ असं नाव मिळतं, मागे एखादा आकडा. म्हणून प्रकाशित करण्याआधी पर्मालिंक (लेखाचा कायमचा पत्ता) हातानं, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत लिहा. ‘thane-creek-flamingo’ पुरे. नंतर बदलायचाच झाला तर जुना पत्ता ३०१ रिडायरेक्टनं, म्हणजे कायमचा, नव्याकडे वळतो ना ते बघा, नाहीतर फीडमधून आधीच पसरलेले दुवे मरतात.

वर्डप्रेसच्या ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’मध्ये एक फेरी मारा. सर्च इंजिनांना दूर ठेवणारी खूण चुकून लागलेली नाही ना, ते बघा. फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा की सारांश, तेही तिथेच ठरतं. माझे लेख एका साइटनं फोटोंसकट उचलले, तेव्हापासून मी सारांशच देते. सारांश वेगळा लिहिला नसेल तर वर्डप्रेस सुरुवातीचे ५५ शब्द घेतं. तिथे ‘नमस्कार मित्रांनो, कसे आहात’ लिहून ते घालवू नका. ऐरोली, रोहित, भरती हे शब्द पहिल्या दोन वाक्यांतच येऊ द्या.

यंदा लेख टाकला की मी आधी मोबाइलवर फीड उघडते. शीर्षक, तारीख, दुवा ठीक दिसले की सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत लेखाचा पत्ता टाकून अनुक्रमणाची (इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलच्या यादीत घेण्याची) विनंती करते. लोकलमध्ये दिघा गाव स्थानकापासून ऐरोली येईपर्यंत दोन्ही उरकतं.