स्वतःची स्पोर्ट्स कार घेऊन ट्रॅकवर शिकायला जाताय? मग आधी ब्रेक ऑइल बदला

कोर्सला नाव दिलं रे दिलं की डोक्यात किडा वळवळायला लागतो, एक्झॉस्ट बदलू का, रीमॅप मारू का (म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलू का), मोठे अलॉय टाकू का वगैरे. काहीही करू नका. गाडी जशी आहे तशीच न्या, नाहीतर शिकताना काय गाडीमुळे झालं आणि काय तुमच्यामुळे हेच कळणार नाही. पैसे खर्च करायची खाज असेलच तर ब्रेकवर करा.

कारण साधं आहे, वेग दुप्पट झाला की थांबवायची एनर्जी चौपट होते, म्हणजे 120 वरून थांबताना 60 च्या चौपट उष्णता डिस्कमध्ये जाते आणि ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला पुन्हा पुन्हा होत राहतं. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक नेहमीचा ग्रेड) ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असं स्टँडर्ड आहे, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 वर येते. एकदा का ते उकळलं की लाइनमध्ये वाफ, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली जातं आणि गाडी मात्र थांबत नाही. म्हणून जायच्या आधी ताजं ऑइल, आणि पॅड अर्ध्याहून कमी उरले असतील तर नवीन. नवीन पॅड घातले तर आधी रस्त्यावर ब्रेक मारून ते डिस्कवर नीट घासून बसू द्या, कोरे पॅड घेऊन थेट ट्रॅकवर उतरू नका.

बाकीची तयारी पटकन सांगतो. इंजिन ऑइलची लेव्हल बघा. टाकी बऱ्यापैकी भरलेली ठेवा, कारण पेट्रोल कमी असलं की लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. डिकी रिकामी करा, ड्रायव्हरकडचं सुटं मॅट काढा (पेडलखाली सरकलं तर संपलंच), बूट पातळ सोलचे घाला. हेल्मेट कुठल्या रेटिंगचं लागेल ते आयोजकांना विचारा, मोटारसायकलचं सगळीकडे चालत नाही. आणि इन्शुरन्सची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचा, बऱ्याच पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान कव्हर नसतं आणि हे आधी माहीत असलेलं बरं.

आता सीट. बहुतेक लोक फार लांब आणि आडवे बसतात, दिसायला भारी दिसतं पण कंट्रोल शून्य. पाठ पूर्ण टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी.

शिकताना सगळ्यात जड जाते ती नजर. आपण बॉनेटच्या पुढचा रस्ता बघत बसतो, इन्स्ट्रक्टर शेजारून ओरडत असतो की पुढे बघ पुढे बघ, आणि खरंच ब्रेक मारायच्या आधीच नजर एपेक्सवर (वळणाच्या आतल्या कडेला गाडी सगळ्यात जवळ येते ती जागा) आणि एपेक्सला पोचायच्या आधी बाहेर पडायच्या जागेवर गेली की हात आपोआप शांत होतात. ट्रॅकवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूकडे बघाल तर शंकूच उडवाल.

दुसरं म्हणजे ब्रेक. रस्त्यावर आपण हळू सुरुवात करून शेवटी जोरात दाबतो, इथे बरोब्बर उलटं, सरळ रेषेत असतानाच सुरुवातीला जोर आणि वळायला लागलं की हळूहळू पाय सैल. एबीएस कुरकुरतं, पाय थरथरतो, घाबरून सोडू नका. वळणाच्या मध्यात अचानक ॲक्सिलरेटर सोडणं ही मात्र वाईट सवय, वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. हे मुद्दाम अनुभवायला ओला स्किडपॅड (गाडी मुद्दाम घसरवायची मोकळी जागा) असतो, तिथे लाजू नका, फिरवा. ट्रॅकवर मात्र ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवा, ते बंद करायचं की नाही हे इन्स्ट्रक्टर ठरवेल, तुमचा मित्र नाही.

सेशन संपत आला की शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारा, डिस्क थंड होऊ द्या. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायची जागा) हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा, कारण तापलेले पॅड डिस्कला चिकटू शकतात. लगेच टायरची हवा मोजा, गरम टायरमध्ये चारसहा पीएसआय सहज वाढलेली दिसते, इन्स्ट्रक्टर सांगेल तेवढी काढा आणि किती काढली ते लिहून ठेवा, कारण संध्याकाळी घरी निघायच्या आधी टायर थंड झाल्यावर ती परत भरायचीय आणि हे हमखास विसरतात लोक. चाकं गार झाली की टॉर्क पान्याने नटही तपासा. आणि घरी पोचल्यावर ब्रेक पेडल आधीपेक्षा मऊ लागत असेल तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला गाडी नेऊ नका, आधी ब्रेक ब्लीड करून, म्हणजे लाइनमधली हवा काढून घ्या.