इंजिन बांधून घ्यायचे की कंपनीचे तयार घ्यायचे? या चुका टाळा

डिझेल टेम्पोचे इंजिन ऑइल खाऊ लागले, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येऊ लागला आणि चढावर गाडी ओढेनाशी झाली, की मालकासमोर दोन मार्ग उरतात. जुने इंजिन जमा करून कंपनीने नव्याने बांधलेले इंजिन घ्यायचे, किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून स्वतःचेच इंजिन बांधून घ्यायचे. टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ ही पहिल्या प्रकारची योजना आहे. बहुतेक जण दोन्हीकडचा भाव विचारून स्वस्त पडेल ते निवडतात आणि तिथेच फसतात, कारण ते भाव एकाच कामाचे नसतात. कंपनीच्या भावात हेड, टर्बो आणि इंजेक्टर धरले आहेत की फक्त ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन, हे लेखी घ्यावे. जमा करायच्या ब्लॉकला तडा असेल तर किती रक्कम कापली जाईल, तेही आधीच विचारावे. मिस्त्रीकडे लेथचे काम, गॅस्केट, ऑइल आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी वेगळी लागणार का, हे विचारावे.

यापेक्षा महाग पडणारी चूक म्हणजे आधीचे इंजिन कशाने गेले, याचा शोध न घेणे. रेडिएटर चोंदल्याने इंजिन तापून हेड वाकले असेल आणि तोच रेडिएटर नव्या इंजिनासमोर बसवला, तर इंजिन कोणी बांधले याला काही अर्थ उरत नाही. एअर फिल्टरच्या पाइपला चीर असेल, तर आत जाणारी धूळ नव्या रिंगाही तशाच झिजवते. बेअरिंग गेलेल्या इंजिनातला धातूचा कीस ऑइल कूलरमध्ये अडकून राहतो आणि तो नुसत्या डिझेलने धुऊन पूर्ण निघेलच असे नाही. अशा वेळी कूलर बदललेलाच बरा. इंजेक्टर थेंब टाकत असेल तर पिस्टनचा माथा जळतो. वॉरंटीचा दावा बहुधा अशाच कारणांवरून नाकारला जातो, म्हणून वॉरंटीचा कागद पैसे देण्यापूर्वी वाचावा.

स्थानिक कारागीर निवडताना त्याचे नाव किती मोठे आहे यापेक्षा तो मोजमाप करतो का, हे पाहावे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शेतीच्या ऑइल इंजिनांच्या काळापासून हे काम चालत आले आहे आणि तिथल्यासारखे हात कारखान्यात मिळतीलच असे नाही. पण हात कितीही चांगला असला तरी बोअर गेज, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायचे साधन, लागतोच. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजल्याशिवाय तो किती निमुळता आणि किती लंबगोल झाला आहे, हे कळत नाही. पिस्टन आधी आणावेत, ते मोजावेत आणि मगच त्या मापाने बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून घ्यावा. ‘0.50 ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा) करून ठेवा, पिस्टन संध्याकाळी आणतो’ हा व्यवहार टाळावा. क्रँक आधी घासून किती अंडरसाइझ (मूळ मापापेक्षा बारीक) झाला आहे ते विचारावे, कारण कंपनीने ठरवलेल्या शेवटच्या मापाच्या पुढे ग्राइंडिंग करता येत नाही. ही सगळी मापे बिलावर लिहून मागावीत. मिस्त्री ती लिहायला तयार नसेल, तर दुसरा पाहावा.

माझ्या मते, रोज भाड्यावर धावणाऱ्या, भरपूर विकल्या जाणाऱ्या मॉडेलच्या गाडीसाठी कंपनीचे इंजिन सोयीचे, कारण लेथवाल्याच्या रांगेत गाडी अडकून पडत नाही. मॉडेल बंद झालेली जीप असेल, किंवा पूर्वी कधीच बोअर न झालेला स्वतःचा चांगला ब्लॉक हाती असेल, तर मिस्त्रीच योग्य. बदलून आलेल्या इंजिनाचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो.

इंजिन बदलले, तर नवा इंजिन क्रमांक आरटीओत नोंदवून घ्यावा. नाहीतर गाडी विकताना किंवा विम्याचा दावा करताना अडचण येते. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरच्या) इंजिनात इंजेक्टर बदलले असतील, तर त्यांवरचे कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरून घ्यावेत.

शेवटची चूक गाडी ताब्यात आल्यावर होते. ‘रनिंग’ काढण्यासाठी, म्हणजे नवे बांधलेले इंजिन रुळवण्यासाठी, ते तासन्‌तास रिकामे चालवत ठेवण्याची पद्धत चुकीची आहे, कारण भाराशिवाय रिंगा सिलिंडरला नीट बसत नाहीत आणि भिंती गुळगुळीत होऊन इंजिन पुन्हा ऑइल खाऊ लागते. हलका माल भरून, वेग कमीजास्त करत गाडी चालवावी. पहिले ऑइल ठरलेल्या अंतराआधीच बदलावे आणि काढलेला फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत धातूचे कण अडकले आहेत का, ते मिस्त्रीसमोरच पाहावे.