द्राक्षाच्या बाळीत सामायिक जनुकांचे काम कसे पाहावे

एकच जनुक निरनिराळ्या प्रजातींत आढळते आणि तरीही प्रत्येक प्रजातीत त्यातून वेगळे, कधी अगदी नवे लक्षण घडते, हे वर्गात सांगितले की मुले मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. नाशिककरांना मात्र हीच गोष्ट डोळ्यांनी दाखवण्याची सोय आहे. त्यासाठी दिंडोरी किंवा निफाडकडील एखाद्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण 15 ते 20 दिवसांनी जावे. मी एकदा महिनाभर उशिरा गेलो, तेव्हा मजुरांनी बाळ्या, म्हणजे वेलाला आधार धरणारे दोऱ्यासारखे ताणे, खुडून टाकल्या होत्या आणि दाखवण्यासारखे काही उरले नव्हते. या दिवसांत बागेत औषधे वारंवार पडतात, म्हणून शेवटची फवारणी कधी झाली हे बागायतदाराला आधी विचारावे आणि बाहेर पडल्यावर मुलांना हात धुवायला लावावेत.

एक जोमदार फूट निवडून बुडापासून पेरे मोजत वर जावे. खालच्या काही पानांनंतर पानाच्या बरोबर समोरच्या बाजूला कोवळा घड दिसतो. आणखी वर गेले की त्याच जागी, म्हणजे पानासमोरच, घडाऐवजी बाळी असते. सलग दोन पेऱ्यांवर घड किंवा बाळी आणि तिसरे पेर रिकामे, हा क्रम बहुधा सापडतो. तो वहीत काढून घ्यावा. यानंतर खरा शोध सुरू होतो: अर्धा घड आणि अर्धी बाळी असलेला नमुना शोधावा. घडाची एक बगल बाळीसारखी वळलेली असते आणि तिच्या टोकाला चार-दोन कळ्या चिकटलेल्या असतात. असा एक नमुना मुलांच्या हातात दिला की पुढचे अर्धे स्पष्टीकरण वाचते.

घड आणि बाळी हे एकाच अंकुराचे दोन शेवट आहेत. एप्रिल छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात, म्हणजे पुढे फूट निघते त्या कळीत, जो सूक्ष्म अंकुर तयार होतो, त्याने घड व्हायचे की बाळी, हे आधी ठरलेले नसते. ऊन भरपूर मिळाले तर घडाकडे कल जातो, तर जिबरेलिन या संप्रेरकाचा जोर राहिला की बाळीकडे. बागायतदार ऑक्टोबरपूर्वी काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घेतात, ते याच निर्णयाचा निकाल पाहण्यासाठी. शक्य असल्यास मुलांना अशी तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावी.

आता जनुकाकडे वळावे. वनस्पतींत एक प्रथिन वाढीला ब्रेक लावून ठेवते आणि जिबरेलिन तो ब्रेक सोडवते. मणी लांबवण्यासाठी बागेत वापरतात ते ‘जीए’ हेच संप्रेरक. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ‘पिनो मुनिए’ या द्राक्षवाणाच्या केवळ बाहेरच्या पेशीथरापासून रोपे वाढवली. त्या थरात ब्रेकच्या जनुकात असा बदल होता की जिबरेलिन असूनही ब्रेक सुटत नव्हता. रोपे बुटकी निघाली आणि बाळ्यांच्या जागी घड आले.

हेच जनुक गव्हातही आहे. जपानच्या ‘नोरिन 10’ या वाणातून आलेला बुटकेपणा त्यातील बदलामुळे आहे, हे 1999 मध्ये स्पष्ट झाले. त्या बुटकेपणामुळे खत जास्त दिले तरी गहू लोळत नाही. निफाड हे गव्हाच्या संशोधनाचे जुने ठिकाण असल्याने मुलांना गहू आणि द्राक्ष एकाच फेरीत दाखवता येतात. ब्रेक दोन्हीकडे एकच आहे, पण गव्हाला बाळीच नसल्यामुळे तिथे परिणाम मुख्यतः ताटाच्या उंचीवर दिसतो, तर द्राक्षात तो उंचीबरोबर बाळीच्या जागेवरही दिसतो. येथे मुले हमखास एक चूक करतात: जनुक गव्हातून द्राक्षात ‘गेले’ असे त्यांना वाटते. ते दोघांनाही फार जुन्या समान पूर्वजाकडून मिळाले आहे, हे तेथेच स्पष्ट करावे.

बाळी मुळात आली कुठून, हा प्रश्न एखादे चुणचुणीत मूल विचारतेच. इतर वनस्पतींत फूल घडवणारी काही जनुके द्राक्षाच्या बाळीतही चालू असतात, असे 2004 मध्ये आढळले आहे. म्हणजे फुलाची जुनी सामग्री आधार धरण्याच्या नव्या कामाला लागली.

थंडीत वाटाण्याचा वेल मिळाला तर तोही शेजारी ठेवावा, मात्र सावधपणे. त्याचा ताणा पानाच्या टोकाला येतो, म्हणजे तो पानाचाच भाग आहे. द्राक्षाच्या बाळीशी त्याचे साम्य वरवरचे आहे. तरी वाटाण्यातही एक गंमत आहे. फुलाचा आदेश देणारे एक जनुक तिथे संयुक्त पान घडवण्याचेही काम करते आणि ते बिघडले की अनेक पर्णिकांच्या पानाऐवजी साधे, एकाच पात्याचे पान येते.