कॉलेजात विद्यार्थी प्रतिनिधी व्हायचंय? मग हे करा

राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 ला सुरू झालं, बेळगाव, विजापूर जिल्ह्यांतली कॉलेजं त्याखाली, म्हणून वर्गाचा प्रतिनिधी जागा असला तरच पोरांची अडचण वर पोचते. अभ्यास सांभाळून जमतं, घाबरू नका. आधी हजेरी नीट ठेवा, कॉलेज निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीनं 2006 मध्ये उमेदवाराला 75 टक्के हजेरी सांगितलीय आणि नुसती नेमणूक असली तरी सर लोक तेच बघतात. मग खानापूर, निपाणीकडनं बसनं येणाऱ्यांशी, होस्टेलवाल्यांशी बोला, पहिल्या तासाला उशीर का होतोय हे त्यांनाच माहीत.

तक्रार तोंडी नकोच! अर्जावर तारीख, विषय, सगळ्यांच्या सह्या, दोन कॉपी काढा आणि एकीवर ऑफिसचा शिक्का मारून पोच घ्याच, ती फाईलला लावा. अर्ज कन्नडमध्ये लागला तर वर्गातल्या कन्नड मित्राला सोबत घ्या, तोही आपलाच, त्याचीही सही हवी. फी, कागदपत्रं असलं काही अडलं तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमानुसार तक्रार निवारण समिती असते, तिनं कामाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. उत्तर आलं की त्याच दिवशी वर्गाच्या ग्रुपवर टाका, नकार असला तरी.